नानांचं लिबरेटर

ॲरिझोनात राहणाऱ्या मराठी माणसाकडे भारतातून पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो. पहिला वीकेंड ग्रँड कॅन्यन, दुसरा सेडोना, तिसरा लास व्हेगास, आणि चौथ्या वीकेंडला बॅगांचं वजन करणं. फिनिक्सच्या दक्षिणेला चँडलरमध्ये आमचं घर आहे. गेली पंधरा-सोळा वर्षं आम्ही हा क्रम इमानेइतबारे पाळत आलो. तेव्हा गेल्या हिवाळ्यात आमचे वडील, म्हणजे नाना, पुण्याहून आले, तेव्हाही आम्ही नेहमीचं वेळापत्रक काढून त्यांच्यासमोर ठेवलं. नानांनी ते वाचलं, चष्मा काढून घडी केला आणि म्हणाले, "दरी काय, आपल्या महाबळेश्वरालाही आहे."

नाना मूळचे साताऱ्याकडचे, त्यामुळे यावर वाद नाही. पण खरं सांगायचं तर त्यांना कुठेच जायचं नव्हतं. आमची आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून नाना फारसं बोलत नाहीत. विचारलं तेवढ्याचं उत्तर देतात. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचं, दुपारी पेपरची वाट पाहायची (इथे पेपर येत नाही हे रोज विसरून), आणि संध्याकाळी "मी तुमच्या कामात अडचण तर नाही ना?" असं सुनेला विचारायचं. सौ. म्हणायची, "नाना, काहीतरीच काय बोलता!" पण घरात सगळ्यांनाच ते लागत होतं. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा माणूस सात समुद्र ओलांडून आपल्याकडे आला आहे, आणि त्याच्याशी बोलायला आपल्याकडे विषय नाही!

विषय सापडला तो चिरंजीवांच्या वाढदिवसाला. मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम आदल्याच दिवशी झाला होता आणि डब्यात तिळगूळ शिल्लक होता. आमच्या चिरंजीवांना चौदावं लागलं. त्यांना डायकास्ट विमानं जमवायचा नाद आहे. ज्यांच्या घरी हा रोग शिरलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: ही धातूची, रंगवलेली, अगदी खऱ्या विमानाच्या मापानं बरहुकूम केलेली मॉडेल्स असतात. त्यांना चुकूनही 'खेळणं' म्हणायचं नाही. "बाबा, हे टॉय नाही, कलेक्टिबल आहे," असा दम आम्हाला दोनदा मिळालेला आहे. यंदा आम्ही त्याला कॉर्गी कंपनीच्या १:७२ मालिकेतलं दुसऱ्या महायुद्धातलं बी-२४ लिबरेटर हे बॉम्बफेकी विमान आणलं होतं. मूळ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११० फूट, म्हणजे मॉडेलमध्ये दीड फूट. किंमत इथे सांगत नाही, कारण हा अंक सौ.सुद्धा वाचते.

आम्ही इंजिनिअर असल्यामुळे त्या मॉडेलकडे पाहताना आमचं लक्ष आधी ते कसं घडवलं याकडे जातं. डायकास्ट म्हणजे साच्यात दाबानं ओतलेला धातू. हा धातू मुख्यतः जस्त असतो आणि त्यात साधारण चार टक्के ॲल्युमिनियम. ४०० अंश सेल्सिअसच्या थोडं वर तो वितळलेल्या अवस्थेत पोलादी साच्यात जोरानं सोडतात; क्षणात गोठतो आणि पत्र्याच्या जोडाच्या रेघाही उमटतात. अक्षरं आणि चिन्हं मऊ रबरी गादीच्या शिक्क्यानं छापतात, म्हणून ती गोलाईवरही वाकडी होत नाहीत. या धातूत शिशाची थोडी भेसळ राहिली तर मॉडेल आतून कुजतं, काही वर्षांनी भेगा पडून त्याचे तुकडे होतात. आपल्या लहानपणीच्या किंवा त्याहून जुन्या कित्येक परदेशी मोटारगाड्या अशाच गेल्या. हल्ली जस्त शुद्ध वापरतात, त्यामुळे ही भीती उरलेली नाही.

तर त्या संध्याकाळी केक कापून झाला, खोका उघडला, आणि विमान जेवणाच्या टेबलावर ठेवलं. ऑलिव्ह हिरवा रंग, पंखावर अमेरिकेचा पांढरा तारा, नाकाशी रंगीत चित्र. नाना आपल्या खुर्चीत होते. ते उठले, टेबलापाशी आले, आणि खोक्यावरचं काही न वाचता म्हणाले,

"हे लिबरेटर."

चिरंजीव चमकले. "आजोबा, तुम्हाला कसं माहीत?"

"इंजिनाची तोंडं बघ. गोल आहेत का? लांबट आहेत, अंड्यासारखी. दोन्ही बाजूंना हवा आत घ्यायची जागा आहे. दुसऱ्या कुठल्या विमानाला असं तोंड नाही." मग त्यांनी बोटानं मोजलं. "चार इंजिनं. एकेका इंजिनाला चौदा सिलिंडर, एकेका सिलिंडरला दोन प्लग. किती झाले?"

चिरंजीवांनी मनात गुणाकार केला. "एकशे बारा."

"एकशे बारा प्लग. काढायचे, साफ करायचे, गॅप तपासायचा, परत बसवायचे. लोहगावच्या उन्हात." नाना जरा थांबले. "पण हे आपलं नाही. रंग चुकलाय."

दोन वर्षांत एका दमात नाना इतकं बोलले नव्हते.

इथे थोडं मागं जायला हवं. नाना १९६४ साली, अठराव्या वर्षी, हवाई दलात भरती झाले. ट्रेनिंग संपवून इंजिन फिटर म्हणून त्यांना जी पहिली मोठी नेमणूक मिळाली ती पुण्याच्या लोहगावला, लिबरेटर उडवणाऱ्या सहा नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये. पुढे दुसऱ्या विमानांवर काम केलं, पंधरा वर्षांची नोकरी करून १९७९ मध्ये बाहेर पडले आणि पिंपरीला एका कारखान्यात लागले. आमचा जन्म त्यानंतरचा. त्यामुळे आम्ही नानांना पाहिलं ते कारखान्याच्या बसची वाट पाहताना. लहानपणी ते कधीतरी सांगायचे, की लोहगावला अमेरिकेची चार इंजिनांची विमानं होती, गोऱ्यांनी मोडून टाकलेली, ती आपल्या लोकांनी चालू केली. आम्हाला ते खरं वाटायचं नाही. आमच्या वेळी हवाई दल म्हटलं की मिग. 'अमेरिकेचं विमान आपल्याकडे कुठून येणार?' असं आम्ही एकदा दहावीत असताना त्यांना तोंडावर म्हटलंही होतं. नाना त्यावर काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी तो विषय आमच्यासमोर काढलाच नाही. पुढे आम्ही इंजिनिअर झालो, इथे येऊन एम. एस. केलं, विमानतळांवर हजार वेळा बसलो, पण नानांच्या त्या गोष्टीची शहानिशा करावी असं एकदाही मनात आलं नाही.

ती चिरंजीवांनी पाच मिनिटांत केली. रात्री खोलीतून ओरडत बाहेर आले. "बाबा, आजोबा बरोबर सांगतायत! आणि टूसॉनला एक आहे. आपल्या टूसॉनला. इंडियातून आलेलं!"

म्हणून मग ग्रँड कॅन्यन रद्द झाला आणि शनिवारी सकाळी आम्ही चौघं दहा नंबरच्या हायवेवर लागलो. बरोबर धपाटे, दही आणि लसणीची चटणी. चँडलरहून टूसॉन म्हणजे दीड तासाचा रस्ता, सगळा वाळवंटातून. कासा ग्रांदे मागं पडलं की पिकाचो पीक नावाचा सुळका दिसू लागतो. नानांना तो आपल्याकडच्या एखाद्या किल्ल्यासारखा वाटला, आणि वर पाण्याचं टाकं आहे का, असं त्यांनी विचारलं. त्याच्या पायथ्याशी शहामृगांचं फार्म आहे. पैसे देऊन त्यांना दाणे घालता येतात. पुढे दोन्ही बाजूंना सवारो निवडुंग, हात वर करून उभे असलेले. हिवाळ्यात इथली हवा म्हणजे पुण्यातला डिसेंबर. आपल्यातल्या पूर्वेकडच्या मंडळींनी बर्फ उपसायचा कंटाळा आला की याच दिवसांत इकडे यावं.

टूसॉनच्या दक्षिणेला व्हॅलेन्शिया रोडवर पीमा एअर अँड स्पेस म्युझियम आहे. १९७६ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. ऐंशी एकर जागा आणि चारशेच्या आसपास विमानं. इतकी विमानं इथेच का, याचं उत्तर शेजारीच मिळतं. जवळच डेव्हिस-मॉन्थन हा हवाई दलाचा तळ आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर जादा झालेली विमानं ठेवायला तिथे आणली, कारण हवा कोरडी, पाऊस बेताचा, म्हणून गंज लागत नाही. आणि जमीन चुनखडीनं इतकी घट्ट की जड विमान नुसत्या मातीवर उभं केलं तरी चाक रुतत नाही. आजही कुंपणापलीकडे निवृत्त विमानांच्या रांगा दूरवर गेलेल्या दिसतात. आमच्या सौ.ला ते बघून पंढरपूरच्या वाटेवरचा मुक्काम आठवला. सगळे थकलेले, एका दिशेला तोंड करून बसलेले.

म्युझियम नीट पाहायचं तर एक दिवस पुरत नाही. आवाजाच्या तिप्पट वेगानं जाणारं काळंभोर एसआर-७१ आहे, माशासारखं फुगलेलं सुपर गप्पी आहे, प्रेसिडेंट केनेडी वापरत ते विमान आहे, बोइंग ७८७ च्या पहिल्या काही विमानांपैकी एक आहे. एरवी आम्ही प्रत्येकापाशी फोटो काढले असते. पण नाना कुठेच थांबले नाहीत. गुडघ्यांचं दुखणं विसरून ते नातवाच्या खांद्यावर हात ठेवून चालत राहिले, आणि हँगरमध्ये शिरल्यावर एकदम थांबले.

समोर लिबरेटर.

मॉडेल पाहून त्याची कल्पना येत नाही. पोट खोलगट, चौकोनी, मालगाडीच्या डब्यासारखं, आणि जमिनीला जवळजवळ टेकलेलं. पंख मात्र फार अरुंद आणि लांब, खांद्यावर उंच बसवलेले. डेव्हिस नावाच्या संशोधकानं आखलेल्या या पंखांमुळेच त्याचा पल्ला एवढा लांब होता. बॉम्बच्या कप्प्याची दारं बाहेर उघडत नाहीत, दुकानाचं शटर वर जावं तशी अंगालगत वर सरकतात. कप्प्याच्या मधून जेमतेम नऊ इंच रुंदीची पट्टी गेलेली असते. "तिच्यावरून हत्यारांची पेटी घेऊन जायचं," नाना म्हणाले. "जाड माणूस असेल तर त्याला आम्ही आत पाठवत नसू."

हे विमान फोर्ट वर्थ, टेक्सास इथे १९४४ मध्ये बनलं. तिथून ते ब्रिटनच्या हवाई दलाकडे गेलं, तिथून भारताकडे, आणि १९६९ मध्ये भारत सरकारनं भेट दिल्यावर उडत उडत इथे परत आलं. जन्म टेक्सासचा आणि जवळजवळ सगळा संसार हिंदुस्थानात. पण आज त्याच्या अंगावर रंग आहे तो इंग्लंडमधल्या बंगे इथल्या अमेरिकन तळावरच्या विमानाचा. नाव 'बंगे बकारू'. त्या तळावरच्या मुलांनी युद्धात काय भोगलं ते वाचलं की त्यांची आठवण जपायला हवी याबद्दल शंका राहत नाही. तरीही नाना विमानाभोवती फिरून एक गोष्ट शोधत होते. केशरी, पांढरं, हिरवं चक्र. ते कुठेच नव्हतं. इतिहासात भारताचं नाव येतं, अंगावर मात्र काही खूण उरलेली नाही.

"नाना, हेच तुमच्याकडचं असेल का?" सौ.नं विचारलं.

"काय सांगणार? आपल्याकडं शेपटीजवळ नंबर असायचा. त्यावरून ओळखायचं. आता रंगाखाली गेला." मग म्हणाले, "माझं नसलं तर शेजारच्याचं असेल. सगळी एकाच शेडमधली."

हँगरमध्ये माहिती सांगायला एक वयस्कर स्वयंसेवक होते. आमच्या चिरंजीवांनी त्यांना जाऊन सांगितलं, की माझे आजोबा यावर काम करत होते. ते गृहस्थ आधी हसले, कारण युद्धातल्या माणसाचं वय आज शंभराच्या घरात असायला हवं. नानांनी आपल्या हवाई दलाच्या इंग्रजीत सांगितलं, "पूना. नाइन्टीन सिक्स्टी-सिक्स, सिक्स्टी-सेव्हन. इंजिन फिटर." गृहस्थांनी टोपी काढून हात मिळवला आणि विचारलं, की रोज सकाळी सर्वांत आधी काय करायचात?

नानांनी काठी नातवाकडे दिली आणि दोन्ही हात वर करून हवेतच एक पातं धरून खाली ओढल्यासारखं केलं. पुन्हा वर, पुन्हा खाली. "पंखा हातानं फिरवायचा. गोल इंजिन आहे ना, रात्रभर उभं राहिलं की खालच्या सिलिंडरमध्ये तेल उतरतं. तसाच स्टार्टर मारला तर तेल दाबलं जात नाही, रॉड वाकतो. म्हणून आधी हातानं फिरवून तेल बाहेर काढायचं. मग इंजिन." आम्ही ते इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं, पण गरज नव्हती. त्या गृहस्थांनी स्वतःही हात वर केले आणि दोघं म्हातारे त्या विमानासमोर नसलेली पाती फिरवत उभे राहिले. आजूबाजूला पाच-सहा लोक जमले होते. चिरंजीव काठी हातात घेऊन बघत होते. आम्ही दहावीत काय बोललो होतो ते आम्हाला त्या क्षणी आठवलं. तिथे सांगण्यासारखं ते नव्हतं.

दुपारी बाहेर बाकावर धपाटे खाताना नानांनी सगळी हकिकत सांगितली. घरी आल्यावर आम्ही ती पुस्तकांतून ताडून पाहिली. ती अशी:

महायुद्धाच्या शेवटी ब्रिटिशांची लिबरेटर विमानं भारतातून ब्रह्मदेश आणि सयामवर जात. ही विमानं अमेरिकेनं 'लेंड-लीज' करारावर दिलेली होती. युद्ध संपलं की ती परत तरी करायची, नाही तर निकामी तरी करायची. परत नेणं परवडेना. म्हणून कानपूरजवळच्या चकेरीला ती एकत्र आणली आणि पुन्हा कुणाला वापरता येऊ नयेत अशी मोडली. उपकरणं फोडली, इंजिनांत वाळू घातली, काहींना गाड्यांनी धडका देऊन चेपलं. १९४७ आलं, देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, काश्मीरची लढाई सुरू झाली, आणि हवाई दलाकडे एकही मोठं बॉम्बफेकी विमान नव्हतं. विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा कुणीतरी चकेरीच्या त्या भंगाराकडे बघितलं.

बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीचे (आजची एचएएल) लोक कानपूरला गेले. एकाचा पंख, दुसऱ्याचं चाक, तिसऱ्याचं इंजिन असं करत त्यांनी विमान निदान एका उड्डाणापुरतं उभं करायचं, आणि कंपनीचे चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ते तसंच उडवत बंगलोरला न्यायचं. तिथे ते नीट दुरुस्त व्हायचं. अशी चाळीसच्या वर विमानं त्यांनी नेली. नोव्हेंबर १९४८ मध्ये हवाई दलाचं पाच नंबरचं स्क्वाड्रन या विमानांवर उभं राहिलं. पुढे पुण्याचं सहा नंबरचं स्क्वाड्रन आलं, आणि लांब पल्ल्यामुळे त्यांच्याकडे अरबी समुद्रावर गस्त घालायचं काम आलं. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली. तोवर जगातल्या बाकी सगळ्या सैन्यांनी लिबरेटर केव्हाच मोडीत काढलं होतं.

आणि इकडे अमेरिकेत? युद्धात एकूण अठरा हजारांहून जास्त लिबरेटर बनली, दुसऱ्या कुठल्याही अमेरिकन लष्करी विमानापेक्षा जास्त. आपल्या डेट्रॉइटच्या मंडळींना माहीत असेल, तिथल्या विलो रनला फोर्डच्या कारखान्यातून १९४४ मध्ये दर तासाला एक बाहेर पडत असे. युद्ध संपल्यावर त्यातली शेकड्यांनी आमच्याच राज्यात किंगमनला आणून उभी केली. लास व्हेगासला जाताना आपण सगळे किंगमनला गॅस भरायला थांबतो, तेच गाव. तिथे ती कापली आणि भट्टीत वितळवून त्यांच्या ॲल्युमिनियमच्या लाद्या केल्या. दोष कुणाचा नाही. ज्याच्याकडे दर तासाला नवं येतं तो जुनं कशाला ठेवील? आपल्याकडे दर तासाला काही येत नव्हतं, म्हणून वाळू भरलेलं इंजिनसुद्धा धुऊन घेतलं.

याचा परिणाम असा, की आज जगात जी थोडी लिबरेटर उरली आहेत त्यांतली बरीचशी भारतानं जपलेली आहेत. कॅनडात ओटावाच्या म्युझियममध्ये आहे ते आपलं. त्याच्या बदल्यात कॅनडानं दिल्लीच्या पालमच्या म्युझियमला एक लायसँडर दिलं. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमचं आपलं. फ्लोरिडात पोक सिटीला एक आहे ते आपलं. कॉलिंग्ज फाउंडेशननं १९८९ मध्ये पुन्हा उडवलेलं आणि पुढे कितीतरी वर्षं गावोगावच्या विमानतळांवर नेऊन लोकांना दाखवलेलं विमानही भारतातूनच आलेलं. एक पालमला ठेवलेलं आहे. तेव्हा आपापल्या गावाजवळ कुठे लिबरेटर दिसलं तर मुलांना घेऊन जा, आणि ते कुठून आलं हे तिथल्या लोकांना जरूर विचारा.

धपाटे संपताना सौ.नं एक प्रश्न विचारला, तो आम्हाला सुचला नव्हता. "नाना, पण शेवटी हे बॉम्ब टाकायचं यंत्र. यानं माणसं मारली. मुलाच्या खोलीत हे मांडून ठेवायचं, तुम्हाला काही वाटत नाही?"

नाना बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वाटतं. मी पोरगा होतो तेव्हा वाटत नव्हतं, आता वाटतं. पण मी होतो तेवढ्या दिवसांत ते समुद्रावर जायचं आणि परत यायचं. परत आलं की आमची झोप. नाही आलं तर कुणाच्या प्लगमध्ये चूक होती हे शोधणार. मला तेवढंच माहीत. त्यात बसलेली माणसं परत यावीत एवढंच माझं काम." यावर कुणी काही बोललं नाही. धपाट्यांचा डबा बंद झाला.

परतीच्या वाटेवर दुसराच वाद सुरू झाला. नानांचं म्हणणं, मॉडेलवरचा तारा काढून आपलं चक्र लावायचं. आम्ही घाबरलो. असं मॉडेल मर्यादित संख्येनं काढतात, बरोबर क्रमांकाचं प्रमाणपत्र असतं. खोका फाटला तरी किंमत उतरते, रंग बदलला तर संपलंच. (किंमत आम्हालाच ठाऊक होती.) चिरंजीव तर या बाबतीत आमच्याहून कडक. त्यांच्या कपाटातल्या एकाही विमानाला आम्ही हात लावलेला त्यांना चालत नाही. ते मागच्या सीटवर गप्प होते. पिकाचोचा सुळका गेला, कासा ग्रांदे गेलं. मग म्हणाले, "आजोबा, केशरी बाहेर असतं का आत?"

"बाहेर. मध्ये हिरवं."

एवढंच. पण त्यानंतर दोन महिने रोज संध्याकाळी आमच्या गराजमध्ये दोन खुर्च्या शेजारी शेजारी असायच्या. नाना बसून सांगायचे आणि नातू कागदावर उतरवून घ्यायचा: शेडमध्ये किती माणसं, सकाळी चहा किती वाजता, पावसाळ्यात ओलसर प्लग कसे वाळवायचे, मुन्शींची गोष्ट मोठ्या फिटरांकडून कशी ऐकली. मराठी लिहायला येत नाही म्हणून पोरगा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा. ती वही आता आमच्याकडे आहे. आमच्या वयाच्या ज्यांचे आईवडील या हिवाळ्यात येणार असतील त्यांना एवढंच सांगतो, की कॅन्यन कुठे जात नाही. आधी त्यांची नोकरी कुठे होती आणि ते दिवसभर काय करत, ते विचारा. आम्ही हे विचारायला चाळिशी उलटू दिली.

पीमाला जायचं असेल तर ऑक्टोबर ते मार्च हे दिवस चांगले. उन्हाळ्यात बाहेरच्या विमानांना हात लावाल तर पोळेल. सकाळी उघडताच पोहोचा, टोपी आणि पाणी बरोबर ठेवा. आवारातच ३९० व्या बॉम्बर तुकडीचं वेगळं स्मारक-म्युझियम आहे, त्यात बी-१७ विमान आहे, तेही बघा. वडीलधाऱ्यांना चालवत नसेल तर चाकांच्या खुर्चीची चौकशी आधी फोन करून करा. आमचे नाना मात्र खुर्चीत बसायला तयार झाले नव्हते.

मार्चमध्ये नाना पुण्याला परतले. चक्रांचे पाण्यातून सोडवायचे स्टिकर त्यानंतर आठवड्यानं आले. चिरंजीवांनी अमेरिकेचे तारे रंगाखाली घालवले, पंखांवर आणि अंगावर केशरी-पांढरी-हिरवी चक्रं बसवली, शेपटीवर तिरंगी पट्टी लावली. नाकाचं चित्रही पुसलं. हात थरथरत होता, असं त्यांनी स्वतःच कबूल केलं. विमान आता बाजारात शून्य किमतीचं आहे आणि कपाटात मधल्या फळीवर आहे. फोटो काढून त्याच रात्री आजोबांना पाठवला. पुण्यात सकाळ होती. पाच मिनिटांत फोन आला.

"चक्र बरोबर आहे," नाना म्हणाले. "पट्टीही बरोबर. पण इंजिनाखाली तेलाचा डाग कुठाय? इतकं स्वच्छ लिबरेटर मी जन्मात पाहिलं नाही. काळा रंग घे आणि चारही इंजिनांखाली ओघळ काढ. आणि हे बघ, तिसऱ्याच्या खाली जास्त काढ. ते कायम गळायचं."